‘नुसता सल्ला’ म्हणजे किती?

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा, जन्म गिरगावातला. आमची गल्ली हेरिटेज परिसरात येते. पालिकेने तिचं सुशोभीकरण काढलंय. नवे दिवे, फरसबंदी, चार बाकं. तीन महिने झाले, काम जागचं हललेलं नाही, कारण फाइल हेरिटेज समितीकडे पडून आहे. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणतात, “समितीचा नुसता सल्ला असतो.” सल्लाच असेल तर त्याच्यासाठी काम का अडवायचं? आणि ही माणसं बघतात तरी काय? बाकं कुठल्या रंगाची, ते?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, तुमचा त्रागा मला कळतो. गेली २६ वर्षं मी जुन्या इमारतींची आणि जुन्या रस्त्यांची कामं करते. या समितीसमोर नकाशांची गुंडाळी घेऊन कितीदा उभी राहिले, त्याची मोजदाद नाही. ताटकळलेही आहे. तरीसुद्धा तुमची फाइल तिथे गेली याचा मला आनंदच आहे.

आधी ‘सल्ल्या’बद्दल. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ सालची. देशातल्या कुठल्याही शहराने केलेली ही पहिली. त्या वेळच्या यादीत सहाशेच्या वर नावं होती. त्यात सुट्या इमारती होत्या, तसे अख्खे परिसरही. यादीतल्या ठिकाणी काही करायचं तर परवानगी आयुक्तांची लागते, आणि ती देण्याआधी आयुक्तांनी समितीचं मत घ्यायचं असतं. हे मत त्यांना डावलता येतं. पण अपवाद म्हणूनच, आणि कारणं लेखी नोंदवून. शिवाय डावलण्याचा हा अधिकार त्यांना हाताखालच्या कुणाकडे सोपवता येत नाही, स्वतःच वापरावा लागतो. आता सांगा, कुठला आयुक्त चार बाकांसाठी स्वतःच्या सहीने असं कागदावर आणेल? म्हणून सल्ला लेखी असला की त्याला वजन येतं. वॉर्ड ऑफिसातल्या ‘नुसता’ या शब्दावर जाऊ नका.

आता बघतात काय. समितीवर निवृत्त सनदी अधिकारी अध्यक्ष असतात. सोबत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, शहराच्या इतिहासाचे जाणकार, पर्यावरणातलं कळणारं कुणीतरी. प्रत्येकाची नजर वेगळीकडे जाते, आणि यातच समितीचं मोल आहे. ‘परिसर’ म्हणून नोंद झालेल्या ठिकाणी एकेका घरापेक्षा घरांच्या मधली जागा मोलाची असते. गल्लीची रुंदी, ओटे, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कोपऱ्यावरचा क्रूस किंवा देवळी. तुमच्याच गिरगावातल्या खोताच्या वाडीत एकेकटं घर उचलून बघितलं तर साधंच वाटेल. त्या गल्लीत ती सगळी दाटीने उभी आहेत, म्हणून ती वाडी आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक बैठक सांगते. फोर्टातल्या एका आडरस्त्याचं काम होतं. मी रंगीत चित्रं नेली होती. झाडं, दिवे, बाकावर बसलेली माणसं. एका ज्येष्ठ सदस्यांनी चित्रं बाजूला सारली आणि विचारलं, “रस्त्याचा आडवा छेद कुठे आहे?” म्हणजे रस्ता सुरीने कापल्यासारखा दाखवणारा नकाशा. इकडच्या जोत्यापासून तिकडच्या जोत्यापर्यंत, पातळ्यांसकट. माझ्याकडे तो नव्हता. दुसऱ्या दिवशी मी टेप आणि लेव्हल-ट्यूब (पातळी मोजायची पाण्याची नळी) घेऊन त्या रस्त्यावर गेले. एका जुन्या इमारतीच्या दाराशी तीन दगडी पायऱ्या होत्या, पण दिसत होत्या दोनच. तिसरी डांबराखाली गेली होती. डांबरावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक, त्याखाली पुन्हा वाळू. आमच्या आराखड्याने आणखी सहा इंच भर पडली असती आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी थेट दुकानात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सादरीकरणाचा पहिला कागद आडवा छेद असतो.

तुमच्या गल्लीतही हेच बघा. संध्याकाळी एक पट्टी घेऊन जा. ओट्याला किती पायऱ्या आहेत, शेवटची किती इंच उरलीय, दाराचा उंबरा रस्त्याच्या किती वर आहे, एवढं वहीत टिपा. नवी फरसबंदी घालण्याआधी जुना थर खरवडून काढणार आहेत का, हे विचारा. टेंडरच्या कागदात खरवडणं नसेल तर ठेकेदार ते करणार नाही. सगळ्या सुशोभीकरणात हा एक प्रश्न मला बाकांपेक्षा शंभरपट महत्त्वाचा वाटतो. जोतं गाडलं गेलं की भिंतीत ओल चढते, लाकडी खांबाचा पाया कुजतो, आणि मग घर ‘धोकादायक’ ठरायला वेळ लागत नाही.

दिव्यांचं थोडक्यात. बिडाच्या खांबासारखा दिसणारा फायबरचा खांब बसवला म्हणजे हेरिटेज झालं असं नाही. खांबाचा पाया कुणाच्या जिन्यासमोर येतोय का, उजेड कुणाच्या खिडकीत घुसतोय का, आणि त्याचा रंग कसा आहे, हे बघावं. २०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लावले तेव्हा काय झालं ते आठवत असेल. ‘क्वीन्स नेकलेस’चा, म्हणजे तिथल्या दिव्यांच्या माळेचा, पिवळा रंग गेला म्हणून लोक हळहळले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि पिवळसर उजेड परत आणायचं ठरलं. त्यात विजेची बचत चुकीची नव्हती. एलईडी पिवळसरही मिळतात. हे आधी कुणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच.

आणि ‘आधी’ या शब्दापाशीच आपलं घोडं अडतं. बहुतेक कामं समितीकडे जातात तेव्हा आराखडा पक्का झालेला असतो, कधी टेंडरही निघालेलं असतं. मग समितीने काही सुचवलं की ती ‘काम अडवते’. तुमच्या तीन महिन्यांचं मूळ इथे असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकेत सिएटल शहराचा डिझाइन कमिशन आहे, १९६८ सालापासूनचा. तोही सल्लागारच. पण शहराच्या पैशातून होणारं काम त्याच्यापुढे संकल्पनेच्या टप्प्यावरच जातं, आणि तपशील ठरत जातात तसतसं पुन्हा जातं. बैठका खुल्या असतात, नागरिक येऊन बोलू शकतात. कुणी रस्त्याचा तुकडा स्वतःच्या इमारतीसाठी मागितला, तर त्याच्या बदल्यात लोकांना काय मिळणार हेही तिथे विचारलं जातं. आपल्याकडे हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. समिती जितक्या लवकर बघेल, तितकं काम कमी अडेल.

तोवर तुम्ही गप्प बसू नका. समितीच्या नावे लेखी निवेदन द्या, त्याची प्रत वॉर्ड ऑफिसला, आणि पोच घ्या. ‘आमचा विरोध आहे’ असं मोघम लिहू नका. पायऱ्यांची मापं जोडा, चार फोटो जोडा, पावसात पाणी कुठे तुंबतं ते हाताने काढलेल्या नकाशावर दाखवा. १९९० साली पाणी किती चढायचं आणि आता किती चढतं, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? बैठकीत काय ठरलं ते कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागा.

प्रश्न : फोर्टात माझं चष्म्याचं दुकान आहे, कमानींच्या खाली. मराठी पाटी मोठी लावायचा नियम आहे, आणि हेरिटेजवाले म्हणतात पाटी लहान करा. दोन्ही कसं जमवू?
— एक दुकानदार, मुंबई

उत्तर : जमतं. दादाभाई नौरोजी रस्त्यावर जाऊन बघा. तिथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालची वाट ठेवणं १८९६ सालच्या नियमाने बंधनकारक केलं होतं. पुढे पाट्या इतक्या वाढल्या की कमानीच दिसेनाशा झाल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिथल्या पाट्यांसाठी आराखडा केला. पाटी कमानीच्या पोटात बसवायची, दगडावर चढवायची नाही. दुकानदारांनी साथ दिली, आणि २००४ साली युनेस्कोने या कामाची दखल घेतली.

मराठी पाटीचा नियम पाटीच्या आकाराचा नाही, अक्षरांचा आहे. मराठी नाव आधी हवं, आणि देवनागरी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. तेव्हा पाटी कमानीत बसेल अशी करा, तिच्यावर दुकानाचं नाव मराठीत ठसठशीत घ्या, आणि इंग्रजी त्याखाली बारीक. फोन नंबर, ‘सेल’, चष्म्याच्या कंपन्यांची नावं हे सगळं काचेच्या आतल्या बाजूला न्या. रंगाऱ्याला सांगताना वेलांटी आणि रफारासाठी वर जागा सोडायला सांगा. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत आपली अक्षरं चेपली जातात आणि मग लांबून वाचता येत नाहीत. कागदावर अक्षरं खऱ्या मापात काढून, कागद कमानीत चिकटवून, समोरच्या फुटपाथवरून एकदा बघा. त्याचाच फोटो अर्जाला जोडा.