राजगड ठेवायचा कुठे?

ताई,
मी ३४ वर्षांची, डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांच्या मुलासोबत राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलासाठी बाल्कनीत मातीचा किल्ला केला आणि नाद मलाच लागला. आता गडांच्या प्रतिकृती करते. सध्या चार फुटांचा राजगड चाललाय, थर्माकोलचे थर आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस. जागा एकच, जेवणाचं टेबल. तीन महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. आईंच्या देवघरात पांढरी भुकटी बसते. मागच्या आठवड्यात आमटीत थर्माकोलचा मणी निघाला आणि त्याच दिवशी बेसिन तुंबलं. प्लंबरने खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवणारा वाकडा पाइप, काढून दाखवला, आत दगड झालेला. नवरा म्हणतो, टेबल तरी मोकळं कर नाहीतर हे बंद तरी कर. जागा कुठून आणू? की सोडून देऊ?
— नाव छापू नका

सोडू नका. पण टेबल उद्याच रिकामं करा, पुढचे उपाय जमेपर्यंतही थांबू नका. तुमच्या यजमानांचं बोलणं गडाविरुद्ध नाही. तीन महिने मांडीवर ताट घेऊन जेवलेला माणूस आहे तो. आणि बेसिनच्या बाबतीत घरच्यांची बाजू पूर्ण बरोबर आहे, तिथे वाद घालू नका.

तुम्ही जागा मागताय, पण पत्रात भांडणं तीन दिसतात: मणी, भुकटी आणि अर्धवट पडून राहिलेलं काम. तिन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. उद्या तुम्हाला आख्खी खोली मिळाली तरी आमटीत मणी येईलच, कारण तो टेबलावरून उडून आला नाही, तुमच्या बाहीवरून आला. थर्माकोल घासला की मण्यांवर स्थिर विद्युत येते आणि ते कपड्याला चिकटतात, त्यातही नायलॉन-पॉलिस्टरला जास्त. कापायला बसताना जुना सुती शर्ट वरून घाला आणि उठताना तिथेच काढून ठेवा. हात ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय ओट्याकडे जायचं नाही. झाडूने मणी गोळा होत नाहीत, नुसते पळतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात भिजवलेलं फडकं टिपत न्या.

पुढच्या गडासाठी मात्र थर्माकोल आणूच नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे एक. दुसरं म्हणजे तुमच्या घराला खोक्याचा पुठ्ठा जास्त मानवेल. तो कापताना कचरा पट्टीच्या रूपात पडतो, उडत नाही, आणि कुठलंही किराणा दुकान फुकट देतं.

आता मोजमाप. गडाचं प्रमाण आपण हौसेने ठरवतो आणि मग त्याला घर शोधत बसतो. उलट करा. गड चाकांच्या फळीवर करायचा आणि पलंगाखाली ठेवायचा, म्हणून आधी तिथे पट्टी घाला. समजा जमिनीपासून पलंगाच्या फळीपर्यंत १५ सेमी मोकळे आहेत. फळीचा १२ मिमीचा प्लाय आणि खाली दीड इंच उंचीची चाकं मिळून ५ सेमी खातात. उरले १०. वर बोटभर मोकळं हवंच, म्हणजे गड ८ सेमीचा. १:५००० या प्रमाणात ८ सेमी म्हणजे ४०० मीटर. राजगड पायथ्यापासून दाखवायचा आग्रह सोडला, तर माच्या आणि बालेकिल्ल्यासह वरचा डोंगर तेवढ्यात बसतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये (एकाच उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) उंचीचा साधारणपणे २० मीटरचा फरक असतो. तो नकाशा दहापट मोठा केला की १:५००० झाला: एक किलोमीटरला २० सेमी आणि एका समोच्च रेषेला ४ मिमी उंची, म्हणजे एका रेषेला पुठ्ठ्याचा एक थर. तीन पदरी पुठ्ठा ३ ते ४ मिमी भरतो. दहा तुकडे एकावर एक रचून मोजा. ३५ मिमी आले तर २० थरांत तुमचा गड एक सेंटिमीटर बुटका होईल, म्हणून प्रत्येक थराखाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद चिकटवा. थर भरीव कापू नका. वरच्या थराच्या कडेपासून तीन सेमी आत सोडून मधला भाग काढून टाका, त्यातून वरचे लहान थर निघतात आणि वजनही निम्म्याने उतरतं. फेविकॉलचं बोट फक्त कडेने फिरवा. दोन मोठ्या पृष्ठांच्या मधोमध लावलेल्या फेविकॉलला हवा लागत नाही, तो दिवसचे दिवस ओला राहतो आणि थर सरकतात. थर्माकोलच्या राजगडात तुम्हाला हा अनुभव आला असणारच.

या प्रमाणात वाडे, सदर, पायऱ्या काही दिसणार नाही. सहा मीटरची भिंत जेमतेम सव्वा मिलिमीटर येते, पत्रिकेच्या कागदाची कातरलेली पट्टी म्हणजेच तटबंदी. बारकाव्याची हौस असेल तर अख्खा गड नको, एक दरवाजा करा. रायगडचा महादरवाजा त्याच्या दोन बुरुजांसह १:१०० मध्ये केलात तर प्रत्यक्षातले ३० मीटर ३० सेमीत येतात. तोही त्याच फळीवर मावेल, फक्त उंचीसाठी बुरुज वेगळे काढता येतील असे ठेवा.

फळी ६० बाय ७५ सेमीची घ्या. तीन बाजूंना इंचभर उंच लाकडी पट्टी ठोका आणि तुमच्याकडची बाजू उघडी ठेवा, म्हणजे मनगट टेकतं आणि कचरा ओढून घेता येतो. चार चाकांपैकी दोन ब्रेकवाली घ्या. काम करताना फळी पलंगावर नाही, जमिनीवर किंवा दोन पाटांवर. गादीवर ठेवलेली फळी डुगडुगते आणि कटर घसरतो. फळीच्या मापाचं जुन्या खोक्याचं झाकण करा, कारण पलंगाखालची धूळ ओल्या रंगावर बसली की पुन्हा निघत नाही. पलंग पेटीचा असेल आणि खाली जागाच नसेल, तर हीच फळी कपाट आणि भिंतीच्या फटीत उभी राहील, पण मग गड पूर्ण वाळलेला हवा आणि चार स्क्रूंनी फळीला खालून पकडलेला हवा.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर त्याच्या डोक्यावर रंगकाम छान होतं. पंचाईत एकच, मशीन चालू असताना तटबंदी चिकटवायला बसू नका.

चार फुटी राजगडाचं काय? राजगड या बाबतीत उपकारी आहे. मध्ये बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. म्हणजे गड स्वतःच चार तुकड्यांत पडतो. माची जिथे मधल्या डोंगराला मिळते तिथे, चिंचोळ्या जागी कापा. वरचा प्लास्टरचा थर आधी हॅकसॉच्या ओल्या पात्याने चिरून घ्या, मग खालचा थर्माकोल नव्या, लांब बाहेर काढलेल्या कटरच्या पात्याने. पात्याला मेणबत्ती घासा आणि दाबू नका, तिरपं ठेवून ओढत न्या. बोथट पातं मणी उपटतं, धारदार पातं मणी कापतं, एवढाच फरक. हे काम गच्चीवर नको, वाऱ्याने मणी शेजाऱ्यांच्या तुळशीत जातील. बाथरूममध्ये करा, दार लावून, भिंतींवर थोडं पाणी मारून. मणी ओल्या फरशीला चिकटून बसतात. मोरीच्या जाळीवर आधी ओलं फडकं दाबून ठेवायला विसरू नका. चारही तुकडे खोक्यांत घालून कपाटावर. जोडायच्या बाजूंना दोन-दोन टूथपिक खोचा, दाखवताना चटकन बसवता येतील.

भुकटी हा खरा अवघड भाग, म्हणून जरा सविस्तर. देवघरात ती दोन वेळा जाते: पिशवी उंचावरून ओतताना आणि वाळलेला पृष्ठभाग कोरडा घासताना. दोन्ही वेळी वर पंखा चालू असतो. पंखा बंद करा. भुकटी चमच्याने, पाण्याच्या अगदी जवळून सोडा. घासायचं तर वॉटर पेपर (ओला वापरता येणारा पॉलिश पेपर) पाण्यात बुडवून घासा, मग धूळ उडतच नाही, गाळ होतो आणि फडक्याने उचलता येतो.

नेहमी भुकटी पाण्यात घालायची, पाणी भुकटीत नाही. अर्धी वाटी पाणी, त्यात वाटीभर भुकटी सगळीकडे भुरभुरवा, मिनिटभर मुरू द्या, मग हळू ढवळा. जोरात फेटलं तर बुडबुडे अडकतात आणि घट्टही लवकर होतं. हातात पाचसात मिनिटं असतात, त्यापेक्षा जास्त कालवायचं नाही. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घातलं तर ते नंतर खडूसारखं भुगा होऊन पडतं, तेव्हा टाकून द्या. वाटीला मागच्या वेळचे खडे चिकटलेले असतील तर पुढचं मिश्रण भराभर बसतं. जुन्या खडूसारख्या कणांभोवती नवे स्फटिक लगेच धरतात म्हणून. यासाठी मुलाचा फुटका रबरी चेंडू अर्धा कापून घ्या. तीच तुमची वाटी. काम झालं की तशीच राहू द्या, अर्ध्या तासाने बाहेरून दाबा, आतलं प्लास्टर कडकड तुटून निघतं आणि धुवावं लागत नाही.

कारण धुणं हेच बेसिनचं मरण. प्लास्टर वाळून कडक होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं, म्हणून ते पाण्याखालीही बसतं. ट्रॅपमध्ये पाणी कायम साठलेलं असतं, तिथे त्याला हवं ते सगळं मिळतं. ब्रश आणि हात एका बादलीत धुवा, बादली रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी मोरीत सोडा आणि तळाचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. बेसिन, मोरी, कमोड, तिन्हीकडे गाळाला बंदी.

पुठ्ठ्यावर थेट ओलं प्लास्टर लावलं तर पुठ्ठा वाकतो. आधी फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात करून एक हात द्या, वाळू द्या. मग औषधाच्या दुकानात मिळणारं प्लास्टरचं बँडेज हातभर कापून, पाण्यात दोनचार सेकंद बुडवून थरांवर पसरा. भुकटीची निम्मी कटकट तिथेच संपते. वरून नुसता कड्यांचा पोत आणण्यापुरतं प्लास्टर लागेल, अशा गडाला किलोभर पुरतं. खळीने कागद चिकटवायचा मोह होईल, स्वस्त पडते, पण डोंबिवलीच्या पावसाळ्यात खळीला बुरशी आणि झुरळं दोन्ही लागतात. जुने बुकबाइंडर तीत मोरचूद घालत. ते विष आहे आणि तुमच्या घरात सहा वर्षांचं पोर आहे, तेव्हा फेविकॉलच बरा. कटरच्या पात्याचे मोडलेले तुकडेही गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाका, केराच्या डब्यात नाही.

रंग ॲक्रिलिक वापरा. स्प्रेचा डबा घरात उघडायचाच नाही, त्यातला वायू पेट घेतो आणि तुमच्याकडे संध्याकाळी निरांजन लागतं. शिवाय स्प्रे उघड्या थर्माकोलला विरघळवतो ते वेगळंच.

वेळेचं असं करा. प्लास्टर आणि कापाकापी आठवड्यातून एकदाच, शनिवारी दुपारी, आणि वार सासूबाईंना आधी सांगून. उरलेलं कोरडं काम, कातरणं, चिकटवणं, रंग, रोज रात्री तासभर. उठायच्या आधी पाच मिनिटांत सगळं झाकणाखाली आणि फळी पलंगाखाली. यजमानांना यातलं काही समजावून सांगू नका, आठ दिवस करून दाखवा. मुलगा लुडबुड करणारच, त्याला पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे आणि स्वतःची एक छोटी फळी द्या. कटर नाही.

एक राहिलं. प्लास्टरची पिशवी उघडी राहिली तर हवेतला ओलावा धरून भुकटी मरते, मग ती बसतच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि तो डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. जागा दुसरी नसेल तर निदान वर ठळक अक्षरांत लिहा, कारण दिसायला ती हुबेहूब मैद्यासारखी असते आणि दिवाळीत शंकरपाळे तुमच्या सासूबाई करतात.