परक्या घरातली पहिली रात्र

"परक्याच्या घरात खोली घेऊन राहायचं म्हटलं की मला झोपच लागत नाही. मी फार भित्री आहे का?" मी समुपदेशक आहे, आणि सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका. पुरुषही येतात, पण त्यांचं म्हणणं असतं, "बायकोला आवडत नाही."

अनघाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या आतबाहेरची, पुण्यात राहणारी, बँकेत नोकरी. लेकीला कासवं बघायची होती म्हणून दोघी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेल्या. ऑलिव्ह रिडले माद्या तिथल्या किनाऱ्यावर अंडी घालतात, गावकरी ती जपतात आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडतात. 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या कितीतरी घरांनी पाहुण्यांची सोय करायला सुरुवात केली. ओटीवर नाहीतर आतल्या खोलीत गाद्या, आणि घरात शिजेल ते जेवण.

लेक खूश. अनघा मात्र दोन्ही रात्री टक्क जागी. "मॅडम, माणसं इतकी चांगली होती हो. मीच विचित्र," असं म्हणून ती रडायलाच लागली.

मी तिला रात्र क्रमाने सांगायला लावली. तेव्हा कळलं की संध्याकाळपासूनच तिने पाणी पिणं बंद केलं होतं. संडास परसात, तिकडे जायची वाट माजघरातून, आणि माजघरात घरातल्या आजी झोपलेल्या. मागच्या दाराला अडसर, तो काढताना आवाज होणार. उशीला कुबट वास येत होता, पण दुसरी मागायची कशी? तिने आपली ओढणी उशीवर पसरली आणि घसा कोरडा पडलेला, पोट तटतटलेलं, अशी पडून राहिली.

"यात भीती कशाची वाटत होती?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, "भीती अशी नाही. त्यांना आपला त्रास नको, एवढंच."

माझ्या अनुभवात 'भीती' म्हणून सांगितलं जातं त्यात बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता असतो. एक सावधपणा. दाराला कडी आहे का, घरात कोण कोण आहे, हे मनात येणं अगदी रास्त. त्याला समुपदेशन लागत नाही, सरळ उत्तरं लागतात. दुसरा संकोच, आणि तो कितीही कड्या लावल्या तरी आतच असतो.

थोडा भाग निव्वळ मेंदूचाही असतो. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, बारीकशा आवाजालाही सावध होते. हे ऐकून अनघाचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. म्हणून माझा सल्ला असतो, जमलं तर दोन रात्री राहा आणि पहिल्या रात्रीवरून स्वतःला नावं ठेवू नका. पण दुसऱ्या रात्रीचं काय?

इथे लहानपण उकरायचा मोह आम्हा समुपदेशकांना फार. या वेळी ती आपणहून तिथे पोचली. अकरावी-बारावीला ती दादरला मामाकडे होती. मामी कधी वाकडं बोलली नाही, पण दिवा किती वेळ जळतो, न्हाणीघरात किती वेळ लागतो, याचा हिशेब ही पोर स्वतःच ठेवायची. वेळासला ती पैसे मोजून राहिली होती, तरी समोर तसाच देव्हारा, तशीच आजी, "अजून एक घावन घ्या" म्हणणारी गृहिणी. तिचं शरीर जुन्याच नियमाने वागलं. हॉटेलात हा पेच पडत नाही. तिथे टॉवेल मागताना कुणाच्या आजीचा विचार करावा लागत नाही.

पुढची सहल गुहागरची ठरत होती. आम्ही फोनची तालीम केली. मी घरमालकीण झाले.

"गरम पाणी सातपर्यंतच हं."

"चालेल."

"गाद्या कमी आहेत, दोघींना मिळून एकच देईन."

"चालेल, चालेल."

मी थांबवलं. "खरंच चालेल?" ती हसली, मग गंभीर झाली. "नाही. एक गादी नाही चालणार." हे वाक्य तिने मोठ्याने पुन्हा म्हणून पाहिलं.

मग खरा फोन. कडी आतून लागते का, संडास कुठे, रात्री वाटेत दिवा असतो का, घरात कोण कोण असतं, सगळं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "कडी आहे, पण दार फुगलंय. जरा उचलून लावा." माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा या उत्तराने ती जास्त निवांत झाली.

मात्र सगळीच धाकधूक संकोचातून येते असं कुणी समजू नये. मालक दार न वाजवता आत येतो, सांगितलेली खोली बदलून भलतीच देतो, खोलीत कॅमेरा दिसतो, तर बॅग भरायची. पैसे गेले तर गेले. धोका वाटला तर 112 लावायचा. घरं-खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने 2024 मध्ये घराच्या आत कॅमेरे ठेवायला सरसकट बंदी केली, पण ओळखीतून फोनवर ठरवलेल्या घराला तो नियम कुठून लागणार? तिथे आपणच विचारायचं. ओळखपत्र म्हणून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का, हेही आधीच विचारावं. आणि पत्ता घरच्या एकाला तरी पाठवून ठेवावा.

गुहागरला पहिली रात्र अर्धवटच गेली. ते तिला अपेक्षितच होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. रात्री पाणी प्यायली, उठली, दिवा लावून गेली. उशी बदलून मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, आल्या आल्याच नाही का सांगायचं!" दुसऱ्या रात्री ती उजाडेपर्यंत झोपली.

जेवताना ताटावर आडवा हात धरून "पुरे" म्हणणं मात्र अजून जमलेलं नाही. सध्या आमचं त्यावर चाललं आहे.