खानापूरहून दिसणाऱ्या स्वाती ताऱ्यात लोह किती, हे इथून कसं कळतं?

प्रकाशावरूनच. ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, काढला की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी. रेषा ठळक म्हणजे मूलद्रव्य जास्त, असं लगेच मानू नका! ताऱ्याचं तापमान आणि पृष्ठभागावरचं गुरुत्व यांनीही रेषा बदलते. ते आधी काढावं लागतं, खरी मेहनत तिथेच.

मेच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास आपल्या खानापूर-बेळगावात जवळजवळ डोक्यावर येणारा हा नारिंगी तारा. त्यात सूर्याच्या साधारण एक तृतीयांश लोह आहे, पण लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त. मला हेच फार मोलाचं वाटतं: मॅग्नेशियम महाकाय ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर पसरतं, बरंचसं लोह श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपून उरलेल्या लहान, दाट ताऱ्यांच्या, स्फोटांतून उशिरा. म्हणजे ते लोह पुरतं मिसळण्याआधीच्या वायूतून स्वाती घडला.