सरकारी मजकूर ‘प्रताधिकारमुक्त’ म्हणावा का?

प्रश्न असा: एका प्रकाशकाला राजपत्रातल्या अधिसूचना, काही अधिनियम आणि जीआर (शासन निर्णय) यांचं विक्रीसाठी पुस्तक काढायचं आहे. त्यात ‘हा सर्व मजकूर प्रताधिकारमुक्त आहे’ असं छापलं तर चालेल का? आणि शब्द ‘प्रताधिकार’ बरोबर की ‘स्वामित्वहक्क’?

दुसरं आधी उरकतो. कॉपीराइटला ‘प्रताधिकार’ नेमका. संस्कृताचे कैवारी ‘प्रति’पासून ‘प्रत्यधिकार’ हवं म्हणतील, पण ‘प्रत’ हा आपला मराठी शब्द आहे, त्याने कुणाशी समास करावा हे व्याकरणाच्या पोलिसांना विचारायला नको. ‘स्वामित्वहक्क’ घरादाराचाही असतो, आणि ‘स्वामित्वधन’ (रॉयल्टी) तर वाळूच्या ठेक्यातही भेटतं.

घोळ ‘मुक्त’मध्ये आहे. आपल्याकडे सरकारी साहित्यावर प्रताधिकार असतो. वेगळा करार नसेल तर १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातलं कलम १७ तो सरकारलाच देतं आणि प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून तो ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ साली निघालेलं सरकारी पुस्तक २०२६ उजाडल्यावर खऱ्या अर्थाने मुक्त झालं. अमेरिकेत तिथल्या संघराज्य सरकारच्या साहित्यावर प्रताधिकार नसतोच. तो नियम इथे गृहीत धरायचा नाही.

मग राजपत्र छापता कसं येतं? कलम ५२ म्हणतं की तसं छापणं हे ‘उल्लंघन नाही’. हक्क जागच्या जागी राहतो, फक्त तो या कृतीच्या आड येत नाही. म्हणून मी ‘पुनर्मुद्रणास कायद्याने मुभा’ असं लिहीन. मुभा विक्रीलाही आहे. अधिनियमाचं मात्र वेगळं: तो नुसता छापता येत नाही, सोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर द्यावा लागतो. अधिनियमाचा मराठी अनुवाद स्वतः करायचा तर सरकारी अनुवाद आधी निघालेला नसावा, किंवा निघाला असला तरी विक्रीला उपलब्ध नसावा. शिवाय ‘हा अनुवाद शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेला नाही’ असं ठळक छापायचं.

जीआरला लोक राजपत्राच्याच पंगतीत बसवतात. पण शासन निर्णय म्हणजे राजपत्रातली अधिसूचना नव्हे. त्याच्या शेवटी शासनाच्या ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून’ अशी ओळ असते. ‘उपलब्ध’ म्हणजे वाचायला मिळतो; पुस्तकात घालून विकायची परवानगी त्या शब्दात नाही. जो राजपत्रात आलेला नाही त्याच्यासाठी संबंधित विभागाची लेखी परवानगी मागावी, हे बरं.

न्यायनिवाडेही, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, छापता येतात. पण खासगी निकालपत्रिकेतली शीर्षटिपणं (निकालाच्या वर दिलेला सारांश) उचलू नका. त्यात संपादकांचं कौशल्य असतं, आणि ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली नुसत्या मेहनतीला नव्हे, तर संपादकांच्या अशा कौशल्याच्या कामाला संरक्षण दिलं.

केंद्राच्या खुल्या माहितीसाठी २०१७ चा मुक्त परवाना आहे. त्याखाली दिलेली आकडेवारी श्रेय देऊन धंद्यातही वापरता येते. तिथे ‘मुक्त’ शब्द शोभतो, तरी बोधचिन्हं त्यातूनही वगळलेली आहेत. मुखपृष्ठावर चार सिंहांची राजमुद्रा तर मुळीच नको. व्यापारात तिच्या वापरावर २००५ च्या स्वतंत्र कायद्याचं बंधन आहे.