हॉटेलात सफाईच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलीला

अगं, आधी दार वाजव, ‘हाउसकीपिंग’ म्हण, थांब, पुन्हा वाजव, मगच उघड. पाहुणा आत असेल तर ‘नंतर येते’ म्हणून निघ, सुपरवायझरने कितीही घाई केली तरी. कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नकोस. मला एकदा टॉवेलच्या घडीतलं उघडं ब्लेड लागलं, अंगठ्यावर वण अजून आहे. चादरसुद्धा कवटाळून उचलू नये, कोपरे धरून अंगापासून लांब गुंडाळावी. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र केलंस तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो. आणि कुणी अंगचटीला आलं तर गप्प राहू नकोस गं. कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेल्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कामगार असलेल्या हॉटेलात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच. प्रकार घडल्यापासून ३ महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार दे. मी येईन सोबत.