तिखट, तर्री आणि पोटातली आग

प्रश्न : डॉक्टर, मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर पुण्यात. रविवारी मिसळ झाली की दुपारभर छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. सासूबाई म्हणतात, एवढं तिखट खाशील तर अल्सर होईल. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खाते आणि अ‍ॅसिडिटीची गोळी तर रोज सकाळी असतेच. तिखट सोडावंच लागेल का?

उत्तर : तिखटाचं नंतर बघू, आधी ती मनाने घेतलेली पेनकिलर बंद करा. अल्सरची मुख्य कारणं दोनच, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या. जंतूचं कुणाला पटेना म्हणून बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये तो चक्क पिऊन दाखवला, जठराला सूज आणून घेतली, आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरेनसोबत नोबेल घेतलं. मिरचीचा यात हात नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन भाजत नाही, गरम चटक्याने जागी होते तीच संवेदना ते जागी करतं एवढंच, पण अ‍ॅसिडने अन्ननलिका आधीच हुळहुळी झाली असेल तर तिखट जास्त झोंबतं हेही खरं, त्यामुळे सासूबाईंना अगदीच खोटं पाडू नका!

मला डाऊट आहे तो तर्रीवर. वर तेलाचा लालभडक तवंग, त्यात "दादा, अजून कट द्या", खाली फरसाण, वरून कडक चहा आणि घरी येऊन लगेच आडवं, असंच ना? तेलकट खाणं पोटातून हळू सरकतं, अन्ननलिकेच्या खालच्या, जठराकडच्या तोंडाची झडप सैल पडते आणि आडवं झालं की अ‍ॅसिड वर येतं. कट वेगळा मागवा, तवंग बाजूला सारून खालचा रस्सा घ्या, नंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. तोंड भाजलं तर पाण्याने काही होत नाही, कॅप्सेसिन त्यात विरघळतच नाही, दही किंवा दूध घ्या.

रोजची गोळीही अशी महिनोन्महिने मनाने नको. डॉक्टरांना दाखवा, जंतूची टेस्ट करायची ठरली तर ही गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. कंबरेचंही तेव्हाच विचारा. डांबरासारखी काळी शी, घास अडकणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका, आणि जळजळीबरोबर घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर तडक हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा.