कोल्हापुरात ऋतू बदलताना मुलं आजारी पडू नयेत म्हणून काय करावं?

पुण्याहून बदली होऊन कोल्हापुरात आलात, हवा पालटली की घरात कुणी ना कुणी अंथरूण धरतं, आणि आता वळीव सुरू झालाय तर मुलांची प्रतिकारशक्ती वाढवायला कोणतं टॉनिक द्यावं, असं तुम्ही विचारलंय. राजारामपुरीत माझं औषधाचं दुकान आहे. हाच प्रश्न दर मे-जूनला काउंटरवर ऐकतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो: बाटली नंतर घ्या, आधी घरातलं पाणी बघा. पावसाळ्याच्या तोंडावर इथे जे आजार माणसाला आडवं करतात, त्यांतले बरेचसे पाण्यातून येतात; काही साठवलेल्या, काही पिण्याच्या.

सुरुवात बॅरेलपासून करा. नळाचा भरवसा नाही म्हणून आपल्याकडे घरोघरी पाणी भरून ठेवलेलं असतं, आणि डेंगीच्या डासाला असंच स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं. झाकण काढून मोबाईलची बॅटरी आत मारा. अळ्या असल्या तर उजेड पडताच वळवळत तळाला जाताना दिसतील. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून सगळी भांडी रिकामी करायची. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. घासणीने बॅरेल आतून खसाखसा घासा, ते पाणी सुक्या मातीवर ओता, बॅरेल उन्हात पालथं घाला. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचा जुना टायर, कूलर हेही त्याच दिवशी. जुलैत अख्खं शहर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका सगळ्यांना पाठ आहे. तेवढंच लक्ष घरातल्या बॅरेलकडे द्या, एवढं माझं मागणं आहे. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या लेकरालाही मच्छरदाणी लावा.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. डेंगी नाही हे कळेपर्यंत अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी घ्यायची वेळ येते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप गेला, पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, मूल मलूल पडलंय, लघवी कमी झालीय, असं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. सीपीआर हे इथलं सरकारी रुग्णालय असो नाहीतर जवळचा दवाखाना, लगेच गाठा.

आता पिण्याचं पाणी. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं आणि घरात तुरटी फिरते. तुरटीने गाळ खाली बसतो, पण तेवढ्याने जंतू मेले असं धरून चालू नका. पाणी फडक्याने गाळा, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि काढताना ओगराळं वापरा; तांब्या धरलेला हात आत बुडाला की उकळलेलं वाया. दूषित पाण्यातून होणारी कावीळ साधारण महिन्याभराने डोकं वर काढते. जूनमध्ये प्यालेलं पाणी जुलैत डोळे पिवळे करतं, आणि तेव्हा कुणाला त्या पाण्याची आठवणही नसते. घरात गरोदर बाई असेल तर इथे अजिबात ढिलाई नको, ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिंगणापूरचं उपसा केंद्र पाण्यात गेलं आणि शहर टँकरवर आलं होतं. तशी वेळ आली तर टँकरचं पाणीही उकळूनच प्या. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोसाठी, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

सर्दी-खोकल्याला आलं, तुळस, गवती चहाचा काढा जरूर द्या, घशाला बरं वाटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका. ‘मागच्या वेळची तीन दिवसांची गोळी द्या’ म्हणून लोक येतात, मी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही आणि तुम्हीही मागू नका. विषाणूच्या सर्दीवर ते चालतच नाही. त्यापेक्षा फ्लूच्या लशीबद्दल मुलांच्या डॉक्टरांशी बोला. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पाऊस लागायच्या आत.

ऑक्टोबरात दुपारी चटका आणि पहाटे गारवा. कुणाला दमा असेल तर पंप संपत आलाय का, ते गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवा, धूळ आणि धूर तेव्हा वाढतो.

आणखी एक, तुम्ही नवे आहात म्हणून. कुणीतरी तुम्हाला गंगावेशीत कट्ट्यावर नेईल, समोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देईल. दूध अस्सल असतं, देणाऱ्याचं प्रेमही अस्सल असतं. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा महिनोन्‌महिने येत-जात राहणारा ताप लागू शकतो. तेच दूध विकत घेऊन घरी चांगलं तापवा आणि मग मुलांना द्या.